पडण्याची मुभा

रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना दफ्तर, मंजुरी आणि खुलासा यांचा महिमा निराळा सांगावा लागत नाही. म्हणूनच १५ डिसेंबर २०२३ रोजी चित्रदुर्गच्या चाचणीक्षेत्रावर संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे शेपटीविरहित, केवळ पंखाच्याच आकाराचे मानवरहित विमान आपले आपण उडून उतरले, या वार्तेचे मोल आम्हांस अंमळ अधिक वाटते. उभे शेपूट रडारच्या लहरी परत फेकते म्हणून ते काढून टाकावे, तर विमानाचे नाक डावी-उजवीकडे भरकटू लागते, आणि तो तोल क्षणोक्षणी संगणकाने सावरावा लागतो. ही विद्या अखेर आकाशातच पारखून घ्यावी लागते.

अमेरिकेने १९७७ मध्ये प्रथम उडवलेल्या ‘हॅव ब्लू’ या रडार चुकवणाऱ्या प्रायोगिक विमानाची दोन्ही नमुना-विमाने पुढे कोसळली, तरी त्या प्रयोगांतूनच एफ-११७ हे लष्करी विमान जन्मास आले. आपल्याकडे मात्र प्रयोग फसला, की तंत्रज्ञाचा उत्साह जाब देण्यातच खर्ची पडेल, ही धास्ती अनाठायी नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘ॲम्का’ या लढाऊ विमानाच्या विकासास सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. एखाददुसरे नमुना-विमान गमावण्याची तरतूद त्या मंजुरीच्या कागदपत्रांत आजच लेखी असावी, आणि अपघाताचा अहवाल अन्य प्रयोगशाळांस विनाविलंब पाहावयास मिळावा.