क्रेफिश घरात चालेल, पण उपवन तलावात का नको?

निळा किंवा लालभडक रंग, पुढे दोन दणकट नांग्या आणि मागे कोळंबीसारखी शेपटी. अॅक्वेरियमच्या दुकानात याला बऱ्याचदा ‘लॉबस्टर’ म्हणून विकतात. पण तो लॉबस्टर नाही. आपल्याकडचा शेवंड समुद्रातला, आणि त्याला अशा नांग्याही नसतात. हा गोड्या पाण्यातला क्रेफिश, आणि भारतातल्या नद्या-तलावांत क्रेफिशची एकही मूळ प्रजाती नाही. दुकानातला प्रत्येक क्रेफिश परदेशी कुळाचाच असतो. तांबडा क्रेफिश मूळचा दक्षिण अमेरिकी संस्थानं आणि उत्तर मेक्सिकोचा, तर ‘रेडक्लॉ’ उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा.

मग अडचण कुठे येते?

पाळायला तो तसा काटक आहे. पण थोडा मोठा झाला की रात्री झोपलेले मासे पकडतो, टाकीतली रोपं उपटतो आणि झाकण उघडं राहिलं तर पाइपवरून चढून बाहेर येतो. वाढताना तो जुनं कवच टाकतो. तेव्हा अंग मऊ असतं, म्हणून लपायला जागा नसेल तर दुसरा क्रेफिश त्यालाच खातो.

लहान फ्लॅटमध्ये हे सगळं नकोसं होतं. जीव मारवत नाही. मग वाटतं, तलावात सोडून देऊ, तेवढंच पुण्य! वर्तकनगरकरांना तर उपवन तलाव अगदी जवळ. पोखरण रोड नंबर १ ने गेलं की तलाव, त्याच्या मागे येऊरचा डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.

एकाने काय बिघडणार?

क्रेफिश वनस्पती, शंख-गोगलगायी, माशांची अंडी, बेडकांची पिल्लं असं जवळपास सगळं खातो. तांबडा क्रेफिश काठाच्या मातीत बिळं करून कोरडे दिवस काढतो, ओल्या जमिनीवरून चालत दुसऱ्या पाण्यात जातो आणि त्याची मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. ठाण्याचं उबदार हवामान त्याला मानवणारं आहे. येऊरच्या ओढ्यांतले आपले खेकडे त्याच अन्नावर आणि त्याच बिळांवर जगतात.

शिवाय कोळंबीला मारक ठरणारा व्हाइट स्पॉट विषाणू क्रेफिशच्या अंगात राहू शकतो. पालघर-रायगडच्या कोळंबी संवर्धकांसाठी हा धोका छोटा नाही.

‘मार्बल्ड क्रेफिश’ची गोष्ट तर आणखी वेगळी. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांमध्ये तो आढळला. यात सगळ्या माद्याच, आणि नराशिवाय पिल्लं होतात. म्हणजे एक सुटली तरी पुरे. मादागास्करमध्ये २००७ साली तो सुमारे १ हजार चौरस किलोमीटरवर होता. २०१७ पर्यंत तो १ लाख चौरस किलोमीटरहून जास्त भागात पसरला.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम ६२अ नुसार आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर नियंत्रण किंवा बंदी आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण हा अधिकार वापरायचा तर त्यासाठी अधिसूचना काढावी लागते.

दोनच महिन्यांनी, १ जून २०२३ला, जपानने तांबड्या क्रेफिशबद्दल नवा नियम लावला. १९२७ साली बेडकांचं खाद्य म्हणून आणलेला हा प्राणी तिथे देशभर पसरला होता आणि लाखो घरांत पाळला जात होता. जपानने विक्री आणि बाहेर सोडणं बंद केलं, पण घरात पाळणं आणि मित्राला फुकट देणं चालू ठेवलं. कारण सरळ आहे. पाळण्यावरच बंदी आली असती तर घाबरून लोकांनी टाक्या नदीत रिकाम्या केल्या असत्या.

आपल्याकडे उद्या अधिसूचना निघाली तर हा धडा लक्षात ठेवायला हवा. ज्यांच्याकडे आधीच क्रेफिश आहे त्यांना गुन्हेगार ठरवण्यापेक्षा विक्रीवर लगाम आणि परत घेण्याची सोय जास्त उपयोगी पडेल.

तुमच्याकडे क्रेफिश असेल तर?

• टाकीला घट्ट झाकण लावा, पाइप जातो तिथली फटही बंद करा. लपायला तुटकं मडकं किंवा पाइपचा तुकडा ठेवा.
• नको झाला तर दुकानदाराला परत घेणार का विचारा, किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.
• तलाव, ओढा, नाला, कमोड यांत कधीही सोडू नका. मेलेलाही पाण्यात टाकू नका.
• टाकीचं जुनं पाणी कुंड्यांना घाला.
• विकत घेण्याआधी प्रजाती नीट विचारा. दुकानदाराला नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.