बाळाशी बोलायला वेळ कोण देणार?

‘बाळाशी बोला, बाळाशी खेळा, बाळाच्या डोळ्यांत बघा.’ अंगणवाडीत, दवाखान्यात, कुठल्याही संस्थेच्या माता-मेळाव्यात आजकाल हे ऐकायला मिळतं. पहिले हजार दिवस किती मोलाचे, याच काळात मेंदू कसा झपाट्यानं वाढतो, हे चित्रं दाखवून सांगतात. सांगतात ते खरंच आहे. प्रश्न आहे तो हे कुणाला सांगितलं जातं याचा. उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून असलेल्या वस्त्यांतून, बदलापूरच्या टॉवरांमागच्या झोपड्यांतून गोळा करून आणलेल्या बायांना सांगितलं जातं. कारखानदाराला नाही, कंत्राटदाराला नाही, नगरसेवकाला नाही. बापाला तर नाहीच. मेळाव्याचं नावच मुळी माता-मेळावा!

ज्या शास्त्राचा एवढा दाखला दिला जातो, ते काय म्हणतं ते एकदा नीट बघू या. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई आणि काही महिन्यांचं बाळ समोरासमोर खेळत असतात. मग आईला सांगितलं जातं, काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेव. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आई काही केल्या दाद देत नाही म्हटल्यावर ते कासावीस होतं, तोंड फिरवतं, रडतं. तान्हं मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे, संवादातला तोही एक भागीदार आहे, हे यातून दिसलं. पण याच ट्रॉनिकनं पुढे हेही मांडलं, की चांगल्या मायलेकरांचंसुद्धा क्षणोक्षणी जुळत नसतं. बराच वेळ चुकामूकच होत असते. ती पुन्हा पुन्हा सांधली जाते आणि त्यातूनच बाळाला भरवसा येतो. म्हणजे आदर्श माता वगैरे लागत नाही. लागते ती परत वळून बघायला मोकळीक असलेली बाई. हा भाग पोस्टरवर कधी येत नाही.

शिवाय प्रयोगातल्या आईचा चेहरा दगडासारखा झाला तो कुणीतरी तिला तसं सांगितलं म्हणून. आपल्याकडच्या बायांना ते कोण सांगतं?

उल्हासनगर म्हणजे जीन्स. शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरोघर येतात, बाया सुटे धागे कापतात. मजुरी नगावर. रांगणारं पोर कात्रीकडे जाऊ नये म्हणून त्याला साडीच्या झोळीत टाकलेलं असतं. आईचे डोळे शिवणीवर, बोटं निळी, पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. ती पोराशी बोलत नाही असं अजिबात नाही. गुणगुणते, मधूनच ‘आले रे माझ्या राजा’ म्हणते. पण मान वर केली की नग कमी भरतात. कारखान्याच्या लेखी ती कामगार नाही, सरकारच्या लेखी गृहिणी, आणि सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘बाळाशी पुरेसा संवाद नाही’ या रकान्यातली एक फुली.

मग पोराच्या हातात मोबाइल येतो आणि आईच्या अज्ञानावर व्याख्यानं सुरू होतात. ही व्याख्यानं नवी नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात; १९२०च्या दशकातल्या सरकारी चौकशीत ते नोंदलं गेलं आहे. तेव्हाही शहाण्यासुरत्यांनी बोट दाखवलं ते आईच्या अडाणीपणाकडे. प्रश्न मात्र कामाच्या तासांचा होता. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला, पण भार पडला एकट्या मालकावर. पुढे गिरण्यांतून बायांची संख्या घटत गेली, त्यामागच्या कारणांत हेही एक धरलं जातं.

बाबासाहेबांचं ते म्हणणं आजही तसंच पडून आहे. २०१७च्या दुरुस्तीनं पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही ती ठेवली. वाचायला छान वाटतं. पण राज्य विमा योजना लागू नसेल तिथे पगार एकट्या मालकानं द्यायचा, त्यामुळे लग्न झालेली तरुण पोरगी कामाला घ्यायलाच तो तयार नसतो. रजेसाठी वर्षात ८० दिवस काम भरावं लागतं. कंत्राटदार त्याआधीच ‘ब्रेक’ देतो. पाळणाघर सक्तीचं, पण ५० कर्मचारी असतील तर. एका शेडमध्ये तीन कंत्राटदार असले की कुणाच्याच हजेरीपटावर पन्नास भरत नाहीत. आणि धागे कापणारीला यातलं काहीच लागू नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, दुसरा मुलगा झाला तर शून्य. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं किमान सहा हजार कबूल केले होते. पाच हजारांत बाळाच्या डोळ्यांत किती दिवस बघायचं, ते एकदा मेळाव्यात सांगावं!

आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत नव्हतं थोडंच? पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना शेक-शेगडी, तेलानं माखणं. त्यात विटाळही होता, त्याचे गोडवे नकोत. पण बाळ-बाळंतिणीला एकमेकांत रमू देण्याची ती सोय होती. खर्च मुलीच्या बापानं करायचा, आणि मजूर बाईला ती कधी मिळालीच नाही.

दुसरी सोय आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात घडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ साली कोसबाडला गेल्या. अंगणवाडीची कल्पना तिथली. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून मुली शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी आणली. १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेनं अंगणवाडी हे नाव घेतलं, पाळणाघर सोडून दिलं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला आज येतो घरी न्यायचा आहार आणि वजनकाटा. २०२२पासून ‘पाळणा’ या नावाची केंद्राची योजना आहे. मी जाते त्या वस्त्यांतल्या बायांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. आणि ती आणायची तर अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून नको. मानधनावर राबणाऱ्या या बाया डिसेंबर २०२३मध्ये राज्यभर संपावर गेल्या होत्या, ते विसरू नये.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर वस्तीत सारखं कानावर येतं, ‘पोरं आईपाशीच बरी.’ भीती खरी आहे. पण तिचा शेवट बाईला घरात बसवण्यात होत असेल तर ती भीती कुणाच्या सोयीची? सुरक्षित, तपासणी होणारी, शिकलेल्या पगारी ताया असलेली जागा मागायची की नाही?

पैसा नाही, हे उत्तर येईल. उल्हासनगर महापालिकेनं, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. या निधीतून आपल्याकडे बहुतेकदा निघतं ते शिलाई मशीन वाटप आणि ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण. शिलाई मशीन म्हणजे नगावरची मजुरी पुन्हा घरात! येत्या अंदाजपत्रकाआधी तिन्ही ठिकाणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू या: गेल्या पाच वर्षांत या निधीतून पाळणाघरावर किती खर्च झाला, कुठल्या वस्तीत, किती मुलांसाठी? उत्तरं आली की सगळ्या मंडळांनी मिळून महिला व बालकल्याण समितीपुढे जायचं. सोबत पोरं घेऊन. आणि पुढचा मेळावा अंबरनाथच्या एमआयडीसीच्या गेटवर घ्या, पाळी सुटताना, बापांचा.