धंद्याची वेबसाईट : नाव आपले, चावीही आपल्याच हाती

घरी मसाला करून विकणाऱ्या भगिनी, शिवणकाम करणारे, रंगकामाची व लाईट फिटिंगची कामे घेणारे, मंडप-डेकोरेशनवाले अशी कितीतरी माणसे आपल्या वस्त्यांमधून स्वतःच्या हिमतीवर धंदा करीत आहेत. आजवर त्यांचे गिऱ्हाईक तोंडी ओळखीवर यायचे. आता नवे गिऱ्हाईक आधी फोनवर नाव शोधते आणि मगच फोन करते. म्हणून 'आपणही वेबसाईट काढावी का?' हा प्रश्न घरात निघतो. मग ओळखीचा कोणी मुलगा म्हणतो, 'इतके पैसे द्या, आठ दिवसांत करून देतो.' पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून काय काय मागून घ्यावे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

समजा, एक ताई घरी मालवणी मसाला, गोडा मसाला व लाल तिखट करून पाकिटे विकतात. हेच उदाहरण धरून आपण पाहू.

नाव कोणाच्या नावावर?

वेबसाईटचा जो पत्ता असतो, त्याला डोमेन म्हणतात. बहुतेक लोक वेबसाईटचे रंग नि चित्रे पाहतात आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे हे विचारतच नाहीत. खरी फसगत इथेच होते. आयुष्यभराची कमाई घालून खोली घेतली आणि कागद मात्र दुसऱ्याच्या नावावर राहिले, याचे परिणाम आपल्या लोकांना सांगायला नकोत. इथेही तसेच आहे.

डोमेन एकदा विकत घेतले की कायमचे झाले, असे नसते. ते ठरावीक मुदतीसाठी मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून महाग, असा दरही पुष्कळ ठिकाणी असतो. वेबसाईट करणाऱ्याने आपल्याच खात्यातून डोमेन घेतले आणि पुढे तो गाव सोडून गेला, वा पैशावरून बिनसले, तर नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, ताईंना नाही. मुदत टळली की नाव सुटते आणि दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. हजार पाकिटांवर छापलेला पत्ता मग परक्याच्या दारात नेऊन सोडतो.

म्हणून डोमेन ताईंच्याच नावाने, त्यांच्याच ईमेलवर व मोबाईल नंबरवर नोंदवावे. नाव छोटे असावे, फोनवर सांगताच समोरच्याला लिहिता यावे. 'डॉट इन' नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ सालापासून 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो. परंतु पुष्कळ लोक फोनवर इंग्रजी अक्षरेच टाइप करतात, म्हणून आधी इंग्रजी अक्षरांतले नाव घ्यावे.

'फुकट वेबसाईट मिळत असताना पैसे कशाला?' असे कोणी विचारील. गुगलने छोट्या व्यावसायिकांना अशी फुकट वेबसाईट दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. गुगलच्या नकाशावर दुकानाची फुकट नोंद मात्र आजही करता येते. ती अवश्य करावी, व्हॉट्सअॅपही वापरावे. पण दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान मालक कधीही उठवू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

गिऱ्हाईकाला काय हवे?

गिऱ्हाईक घाईत असते. वेबसाईट उघडताच, बोट न सरकवता, तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत : काय मिळते, कुठे मिळते आणि फोन नंबर. नंबरवर बोट ठेवताच फोन लागला पाहिजे.

त्याखाली दर लिहावेत. १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, एक किलो असे वजनानुसार आणि स्पष्ट. 'दरासाठी फोन करा' असे लिहिले की अर्धी माणसे परत जातात. माल कुठवर पोचवता, पाठवणावळ किती, ऑर्डर दिल्यावर किती दिवसांत मिळेल, हेही लिहावे. घरी येऊन माल मिळत नसेल तर तसे सरळ सांगावे. फोटो आपल्याच मालाचा असावा. इंटरनेटवरून उचललेले चकचकीत चित्र आणि हातात आलेले पाकीट वेगळे दिसले, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

काही गोष्टी तर कायद्यानेच लागतात. पाकीटबंद माल ऑनलाईन विकताना बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन व किंमत वेबसाईटवरही दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे. खाण्याच्या पदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी हवी, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर व वेबसाईटवर द्यावा. ई-कॉमर्ससाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे नियम आले. त्यानुसार तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव व संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. माल परत घेण्याच्या अटीही लिहाव्यात. या गोष्टी लिहिलेल्या दिसल्या की अनोळखी गिऱ्हाईकाचाही विश्वास बसतो.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच

डीटीपीच्या दुकानात पत्रिका किंवा लेबल ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते, तो मजकूर वेबसाईटवर जसाच्या तसा टाकला तर गिऱ्हाईकाला भलतीच अक्षरे दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा. काही जण यावर तोडगा म्हणून सगळे दरपत्रक चित्र करून चिकटवतात. ते माणसाला वाचता येते, पण शोधणाऱ्याने 'मालवणी मसाला' असे टाइप केले, तर चित्रातल्या अक्षरांवरून वेबसाईट सापडेल याचा भरवसा नाही. तेव्हा मालाचे नाव, गावाचे नाव आणि दर ही अक्षरेच असावीत.

साध्या फोनवर चालते का?

आपले बहुतेक गिऱ्हाईक वेबसाईट फोनवरच पाहणार. मोबाईलने काढलेला एकेक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे दहा फोटो टाकले तर पान उघडता उघडत नाही. फोटो छोटे करूनच टाकायला सांगावे. घरातला सर्वांत जुना, स्वस्तातला फोन घ्यावा, वायफाय बंद करावे आणि वेबसाईट उघडून पाहावी. तीच तिची परीक्षा.

पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असले पाहिजे. ते नसेल, तर गुगलचा क्रोम जुलै २०१८ पासून 'सुरक्षित नाही' असा शेरा दाखवतो. यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून फुकट मिळते. त्याचे वेगळे मोठे पैसे कोणी मागितले, तर कशाचे ते विचारावे.

सुरुवातीला वेबसाईटवरच पैसे घेण्याची खर्चिक व्यवस्था नको. ऑर्डर फोनवर व पैसे यूपीआयवर, एवढे पुरते. मात्र पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. 'कोड स्कॅन करा, म्हणजे पैसे जमा होतील' असे म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर आहे. गिऱ्हाईकांची नावे व नंबर कोणाला देऊ नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाही केला आहे.

'गुगलवर पहिला नंबर आणून देतो' अशी हमी देणाऱ्याला तर पैसे देऊच नयेत. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते.

लिहून घ्या

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी या गोष्टी हातात घ्याव्यात :

१) डोमेनच्या खात्याचे नाव, पासवर्ड आणि मुदत संपण्याची तारीख.
२) वेबसाईट जिथे ठेवली आहे, त्या होस्टिंग खात्याचे नाव व पासवर्ड.
३) संपूर्ण वेबसाईटची एक प्रत, पेनड्राईव्हवर.
४) दरवर्षी एकूण किती खर्च येईल, हे कागदावर.
५) दर कसे बदलायचे, ते समोर बसून शिकवणे.
६) दिलेल्या पैशांची पावती.

पाचवी गोष्ट फार महत्त्वाची आहे. मिरचीचा भाव चढला आणि वेबसाईटवर मागच्या वर्षीचा दर राहिला, तर गिऱ्हाईकाशी वाद ठरलेलाच. घरात कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी असेल, तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. महिन्यातून एक दिवस ठरवून दर व फोन नंबर तपासावेत. खाते मात्र जिचा धंदा आहे तिच्याच नावावर असावे. पासवर्ड वहीत लिहून रेशनकार्ड, आधारकार्ड ठेवतो तिथे ठेवावेत आणि ते कुठे आहेत, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.

ज्यांची वेबसाईट आधीच झाली आहे, त्यांनी आजच एक फोन करावा. करून देणाऱ्याला विचारावे, 'डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते?' दुसऱ्याच्या नावावर असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या खात्यावर आणून घ्यावे.