रोटिसरी ओव्हन घेताय? लिटर पाहण्याआधी सळई पाहा

दुकानाबाहेरच्या काचेच्या कपाटात सळईवर गोल गोल फिरणारे चिकन दिसले, की मुलांचे पाय तिथेच थबकतात. आता तीच सोय स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मावणाऱ्या ओटीजीमध्ये, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्येही मिळते. हौसेला मोल नसते हे खरे, पण हौसेने आणलेली वस्तू दोन महिन्यांत माळ्यावर गेली तर पैसे आणि जागा दोन्ही वाया जातात. म्हणून खरेदीआधी या गोष्टी नक्की तपासा.

खरंच गरज आहे का?

रोटिसरीत पदार्थ सतत फिरत राहतो. त्यामुळे सुटणारा रस आणि चरबी एका बाजूने गळून न जाता पदार्थावरच पसरत राहते. वरून खरपूस आणि आतून रसाळ भाजले जाते ते यामुळेच. अख्खे चिकन महिन्यातून एकदा-दोनदा तरी होणार असेल, तर ही सोय उपयोगी आहे. तुम्ही फक्त केक, पिझ्झा आणि टोस्ट करणार असाल, तर साधा ओटीजी पुरे. घर शाकाहारी असेल तर सळईबरोबर पनीर, ढोबळी मिरची आणि कांदा ओवता येतील अशा सीखा मिळतात का, ते विचारा. अख्खा फ्लॉवर आणि अननसही सळईवर छान भाजले जातात.

लिटरचा आकडा फसवा असतो

खोक्यावर लिहिलेले लिटर म्हणजे आतली एकूण जागा. चिकन मात्र सळईभोवती फिरते. म्हणून सळईपासून वरच्या-खालच्या कॉइलपर्यंत आणि मागच्या भिंतीपर्यंत किती अंतर आहे, ते महत्त्वाचे. फिरताना पदार्थ कुठेही घासला तर मोटर अडकते किंवा कातडी करपते. किलो-सव्वा किलोच्या चिकनसाठी साधारण 28 ते 35 लिटरचा ओव्हन सोयीचा ठरतो. दुकानात सळई बसवून पाहा. काटे घट्ट आवळणारे स्क्रू आणि गरम सळई उचलायचा हँडल आहे ना, हेही बघा. सळई किती वजन पेलते ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

प्लग कुठे लावणार?

ही गोष्ट बहुतेक जण ओव्हन घरी आल्यावर पाहतात. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. 6 अँपिअरचे साधे सॉकेट फार तर 1380 वॅट पेलते. रोटिसरी असलेले बरेच ओव्हन 1500 वॅट किंवा त्याहून जास्त असतात. त्यांना 16 अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर किंवा साध्या अ‍ॅडाप्टरवर ओव्हन लावू नका. वायर तापून आग लागण्याचा धोका असतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, मगच ओव्हन घ्या.

विजेच्या खर्चाचे गणित सोपे आहे. 1500 वॅटचा ओव्हन तासाभरात जास्तीत जास्त दीड युनिट घेतो. युनिटला 8 रुपये दर धरला, तर 12 रुपये.

हेही बघून घ्या

• तापमान 230-250 अंशांपर्यंत जाते का?
• वरची, खालची आणि दोन्ही कॉइल वेगवेगळ्या चालू करता येतात का?
• टायमर 60 मिनिटांचाच असेल, तर ‘स्टे ऑन’ची सोय आहे का? अख्ख्या चिकनला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.
• आत दिवा आहे का? त्यामुळे दार सारखे उघडावे लागत नाही.
• खालचा ट्रे सहज बाहेर येतो का?
• तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि मोटरवर वॉरंटी किती?

ओव्हन बंद कपाटात ठेवू नका. चारही बाजूंनी आणि वर मोकळी जागा सोडा. काचेचे दार खूप तापते, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ओव्हन ओट्याच्या कडेपासून आत ठेवा.

पहिल्यांदा वापरताना

नवा ओव्हन 10-15 मिनिटे रिकामा चालवा, खिडकी उघडी ठेवा. चिकनचे पाय आणि पंख सुती दोऱ्याने अंगालगत बांधा. नायलॉनचा दोरा वितळतो. सळई बरोबर मधोमध गेली पाहिजे, नाहीतर वजन एकीकडे झुकते आणि मोटरवर ताण येतो. जादा मसाला निपटून काढा. मध किंवा साखर लावायची असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत लावा. खालच्या ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी ठेवल्या तर गळणाऱ्या रसात त्याही मस्त भाजल्या जातात. तळाच्या कॉइलवर मात्र फॉइल पसरू नका.

किलोभर चिकन 200 अंशांवर साधारण तास-सव्वा तासात होते. पण वरचा सोनेरी रंग पाहून फसू नका, आत कच्चे राहिलेले चिकन पोट बिघडवते. फूड थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश दाखवले की चिकन शिजले. ओव्हनसोबत हा छोटासा थर्मामीटरही आणा. मग दहा मिनिटे थांबून कापा, म्हणजे रस ताटात न वाहता मांसातच राहील.