सह्याद्री समुद्रात!

सातारकरांना सह्याद्रीचं कौतुक काय सांगायचं? मान वर केली की अजिंक्यतारा समोर. पण एक सह्याद्री समुद्रातही फिरतो, हे किती जणांना ठाऊक आहे? 'आयएनएस सह्याद्री' ही नौदलाची फ्रिगेट मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. शिवालिक, सातपुडा आणि सह्याद्री, या तिघी भारतात बांधलेल्या पहिल्या स्टेल्थ फ्रिगेट्स.

हा विषय आमच्या घरात घुसला तो सांगलीच्या मावसभावामुळे. तो वालचंद कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअर. हातात दोन ऑफर्स, एक हिंजवडीतल्या आयटी कंपनीची आणि दुसरी जहाजबांधणीतली. पगारात चांगलाच फरक. मावशीचा फोन आला, "अगं, तूच समजाव त्याला!" मी समजवायला बसले, तर त्यानेच माझा क्लास घेतला.

"ताई, स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे गं. १४३ मीटर लांब, सहा हजार टनांच्या वर वजन, लपणार कुठे? फक्त उभ्या सरळ भिंती टाळायच्या. त्यांच्यावर आपटलेली रडारची लाट आल्या पावली परत जाते, तिरक्या भिंतीवरून ती भलतीकडे जाते. मग एवढं मोठं धूड पडद्यावर छोटंसं दिसतं." शिवाय इंजिनाचा गरम धूर थंड करून सोडायचा, म्हणजे उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सहजी पाठी लागत नाही. आणि यंत्रं धक्के शोषणाऱ्या बैठकीवर बसवायची, म्हणजे पाणबुडीला आवाज कमी जातो.

इंजिनांची तर गंमतच. रोजच्या प्रवासाला डिझेल, पळायची वेळ आली की गॅस टर्बाइन. दोन्ही एकदम कधीच नाही. टॉप स्पीड ३२ नॉट्स, म्हणजे ताशी साठेक किलोमीटर. सातारा-सांगली साधारण दोन तासांत, एसटीच्या आधी! आपण मात्र रोज टर्बाइनवर धावतो आणि वीकेंडला बंद पडतो.

शेवटी मी वेळेचा मुद्दा काढला. सह्याद्रीची बांधणी २००३ मध्ये सुरू झाली आणि ती नौदलात आली २०१२ मध्ये. नऊ वर्षं! तेवढ्यात हिंजवडीत चार कंपन्या बदलून होतात. तो म्हणाला, "म्हणूनच. पण मग ते काम वर्षानुवर्षं पाण्यावर राहतं ना."

मावशी अजून नाराज आहे. पगारातला फरक खरा आहे, मुंबईचं भाडंही खरं आहे. पण १९७२ ची जुनी नीलगिरी ब्रिटिश 'लिअँडर' डिझाइनवर बांधली होती. १५ जानेवारी २०२५ ला दाखल झालेली नवी नीलगिरी आपल्याच नौदलाच्या डिझाइनर्सची. मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी ड्रॉइंग बोर्डाला चिकटून राहिलं, म्हणूनच ना?

आता तुम्हीच सांगा, गेल्या वर्षी रात्र जागून केलेलं ते प्रेझेंटेशन आज कुठल्या फोल्डरमध्ये आहे?