वास थांबला म्हणजे वायू गेला असे नाही

मैल्याच्या टाकीचे झाकण उघडले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. मुकादम म्हणतो, "जरा थांब, वास गेला की उतर." आणि बघणारे म्हणतात, "त्यांना वासाची सवय असते." या दोन्ही समजुती जीवघेण्या आहेत, म्हणून या वेळी नाकाविषयी.

नाकाच्या पोकळीत अगदी वर ओलसर अस्तराचा एक लहानसा भाग असतो. हवेतले वासाचे रेणू त्या ओलाव्यात विरघळतात आणि तिथल्या पेशींच्या बारीक तंतूंवरील ग्राहकांना चिकटतात. मग निरोप मेंदूला जातो. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. घरात बोंबील तळले की घरच्यांना काही वाटत नाही, पण दारात आलेल्या पाहुण्याला लगेच कळते. ही झाली सवय. त्यात अपाय नाही.

टाकीतली गोष्ट निराळी. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग असला तरी नाकाला कळतो. पण हेच प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास जातो, वायू तिथेच असतो. ५०० ते ७०० भागांत माणूस काही मिनिटांत कोसळतो, १००० च्या घरात एक-दोन श्वासांतच. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साठतो आणि गाळ ढवळला की एकदम उसळतो. वर उभ्या असलेल्याला वास येत असतो, खालच्याला येत नाही. मिथेनला तर वासच नाही. आणि तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीच अडवत नाही.

सवयीची भाषा कोणाच्या सोयीची आहे, हे आपल्याला सांगायला नको. पिढ्यान्पिढ्या एकाच जातीच्या माणसांना गटारात उतरवायचे आणि वर म्हणायचे, त्यांना चालते! कामगाराच्या नाकातल्या पेशी मुकादमाच्या पेशींपेक्षा वेगळ्या नाहीत.

संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. ती मिळायला आधी मरावे लागते. माझे मत सरळ आहे: हे काम यंत्रानेच व्हावे. आणि कोणी उतरायला सांगितलेच, तर आधी वायुमापक यंत्र दाखवा म्हणावे, नाकावर विसंबू नये.

कोणी आत कोसळलाच तर त्याच्यामागे उतरू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसराही असाच जातो. १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा आणि टाकीत वायू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.