लेकरं गेल्यावरच बाटली तपासायची का?

काल जठारपेठेतल्या मेडिकलवर पुतणीसाठी खोकल्याचं औषध घ्यायला गेलो. बाटली फिरवून बॅच नंबर पाहू लागलो, तर दुकानदार हसला. "भाऊ, अजून छिंदवाडाच डोक्यात आहे काय?" हो बाप्पा, आहे. राहायलाच पाहिजे.

विसरलेल्यांसाठी सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५. 'कोल्ड्रिफ' सिरप पिऊन छिंदवाड्याकडची वीसहून जास्त लेकरं किडन्या निकामी होऊन गेली. त्यातली बरीच आपल्या नागपुरात उपचार घेताना गेली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. चालतं ०.१ टक्का. म्हणजे जवळपास अर्धी बाटली विष! मग तामिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी कांचीपुरमचा कारखाना तपासला, तर साडेतीनशेवर त्रुटी. आता मला सांगा, ह्या त्रुटी काय एका रात्रीत उगवल्या? परवाना तर कितीतरी वर्षांपासून होता. तेव्हा तपासणारे कुठं होते?

मालकाला अटक झाली की आपण समजतो, विषय मिटला. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून १४ जणांना मारून गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. त्या अहवालानं अन्न व औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही. आणि ३९ वर्षांनी? तेच विष, तोच पंचनामा.

काहीच सुधारत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये ह्याच विषानं शंभरावर माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी कायदा आला: औषध सुरक्षित आहे हे आधी दाखवा, मग विका. आपल्याकडंही सुधारणा झाली, पण कशी ते पाहा. २०२२ मध्ये गाम्बियातल्या बालमृत्यूंत भारतीय सिरपचं नाव आलं, जगात छी-थू झाली. जून २०२३ पासून खोकल्याचं सिरप सरकारमान्य लॅबमध्ये तपासल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही, असा नियम झाला. बाहेर पाठवायचं! घरच्या लेकरांच्या बाटलीला तो नियम नाही. परदेशी गिऱ्हाईक ओरडलं की माल तपासून जातो, परासियाची माय ओरडली की समिती बसते. कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम २०२३ च्या शेवटी निघालं, त्यातही लहान उत्पादकांना डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ.

तपासणीनं औषध महाग होईल म्हणतात. होऊ द्या की थोडं! मुंबई-नागपूरच्या आयसीयूचं बिल कोण भरते?

सोमवारी अकोल्याच्या अन्न व औषध प्रशासनात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. तीन वर्षांत जिल्ह्यात सिरपचे किती नमुने घेतले? अहवाल किती दिवसांनी आले? तोवर तो माल खपून गेला होता का? तुमच्यापैकी कुणाला आपापल्या तालुक्यासाठी अर्ज करायचा असेल तर सांगा, मसुदा पाठवतो. उत्तर आलं की जसंच्या तसं इथंच टाकीन.